फायनल फँटसी फोर: कोणती आवृत्ती खेळावी आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'फायनल फँटसी फोर' आजवर कधी खेळलेला नाही. स्टीम या संगणकावरच्या खेळांच्या दुकानात आणि फोनवर याच नावाचे दोन खेळ दिसतात, एक थ्रीडी आणि एक पिक्सेलचा. गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आणि पीएसपीच्या आवृत्त्यांचंही कौतुक ऐकलंय. यातली कोणती घ्यावी? आणि तीस वर्षांहून जुना खेळ आज खेळण्यात खरंच काही आहे, की लोक बालपणीच्या आठवणींमुळे त्याचं नाव घेतात?

आधी थेट उत्तर देतो. पहिल्यांदा खेळत असाल तर पिक्सेलचा, म्हणजे 'पिक्सेल रीमास्टर' घ्या आणि त्यातल्या सोयींची बटणं शक्यतो बंद ठेवा. तो संपल्यावरही खेळ डोक्यातून गेला नाही, तर थ्रीडी घ्या. कथा तीच असली तरी तो पुष्कळ कडक आणि वेगळ्या वळणाचा खेळ आहे. गेम बॉय आणि पीएसपीच्या आवृत्त्या चांगल्या आहेत, पण त्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीसाठी. मी स्वतः खेळांमधल्या लढाईचे नियम आणि आकडे बसवण्याचं काम करतो. या कामातली जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, ती या खेळात पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे दिसली: लढाईचा नियमच कथा सांगू शकतो. आवृत्ती निवडताना मी हीच कसोटी लावतो, म्हणून ती नीट समजावून सांगतो. त्यासाठी कथेचा पूर्वार्ध थोडा उघड करावा लागेल. शेवट सांगणार नाही.

हा खेळ जपानमध्ये १९ जुलै १९९१ रोजी निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या यंत्रावर आला. ते यंत्र बाजारात येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि या मालिकेतला त्यावरचा हा पहिलाच खेळ. कंपनी स्क्वेअर, दिग्दर्शक हिरोनोबू साकागुची, संगीत नोबुओ उएमात्सू, पात्रांची चित्रं योशिताका आमानो, लढाईची रचना हिरोयुकी इतो. कथेच्या मांडणीत ताकाशी तोकिता यांचा मोठा वाटा होता आणि ते मुळात रंगभूमीवरचे नट. खेळताना हे जाणवतं. पात्रं प्रवेश करतात, मान फिरवतात, पाठ वळवतात, गुडघे टेकतात आणि निघून जातात. चेहऱ्यावरचे भाव दाखवायला जागाच नव्हती, कारण अख्खा खेळ ८ मेगाबिटच्या, म्हणजे १ मेगाबाइटच्या काडतुसात (कार्ट्रिजमध्ये) बसवायचा होता. आज फोनवर काढलेला एक फोटोसुद्धा बहुधा याहून मोठा असतो. संवादांची बरीच काटछाट करावी लागली. मग जे शब्दांत मावलं नाही ते लढाईत आलं.

पहिल्या तासाचंच उदाहरण घ्या. नायक सेसिल हा बॅरन राज्याच्या 'रेड विंग्ज' या विमानदळाचा कप्तान आणि काळ्या चिलखतातला योद्धा, डार्क नाइट. खेळ सुरू होतो तेव्हा तो मिसिडिया या जादूगारांच्या गावातून पाण्याचा स्फटिक लुटून परत येत असतो. नि:शस्त्र लोकांवर हात उचलल्याची टोचणी त्याला लागलेली आहे. राजाला शंका बोलून दाखवताच त्याचं पद काढून घेतलं जातं आणि मित्र केनसोबत मिस्ट नावाच्या खेड्यात एक अंगठी पोचवायला त्याला पाठवतात. वाटेत धुक्याचा ड्रॅगन आडवा येतो. मधूनमधून हा ड्रॅगन धुकं होऊन जातो, आणि त्या अवस्थेत त्याच्यावर वार केला तर उलटा तडाखा बसतो. म्हणजे थांबायचं, तो परत आकार घेईपर्यंत वाट पाहायची आणि मग मारायचं. खेळाडू हे पटकन शिकतो आणि जिंकल्याचा आनंदही होतो.

गावात पोचल्यावर अंगठीतून आगीचे राक्षस बाहेर पडतात आणि गाव पेटतं. एक लहान मुलगी आईच्या प्रेतापाशी रडत असते. तिच्या आईने तो ड्रॅगन बोलावला होता. ड्रॅगन मेला म्हणून आई मेली. जी लढाई तुम्ही हुशारीने, संयमाने जिंकलात, तिचा अर्थ हा होता. इथे कोणी लांबलचक भाषण करत नाही. बटण तुम्ही दाबलं होतं, एवढं पुरेसं असतं. ती मुलगी म्हणजे रिडिया, आणि पुढे तीच तुमच्या पार्टीत, म्हणजे सोबत लढणाऱ्या गटात येते.

रिडियाला काळी जादू येते. बर्फाचा मंत्र येतो, पण आगीचा येत नाही. अशा खेळांत आग हा बहुधा अगदी पहिला मंत्र असतो, त्यामुळे जुना खेळाडू यादी पाहून बुचकळ्यात पडतो. कारण पुढे होब्झ पर्वतावर कळतं. वाट बर्फाने बंद झालेली असते. सेसिलची प्रेयसी रोझा तिला आग वापरायला सांगते आणि मुलगी मागे सरते, कारण तिचं गाव आगीत गेलंय. समजूत घातल्यावर ती मंत्र म्हणते, बर्फ वितळतो, आणि त्यानंतर तो मंत्र कायमचा तिच्या यादीत येतो. यादीतली एक रिकामी जागा म्हणजे एका मुलीची भीती, आणि ती जागा भरणं म्हणजे त्या भीतीतून बाहेर येणं. ही कल्पना १९९१ सालची आहे, हे मला आजही थक्क करतं.

टेला हा म्हातारा ऋषी याहून पुढे जातो. तो एके काळी मोठा जादूगार होता, आता बरेच मंत्र विसरलाय. त्याच्या आज्ञांमध्ये 'रिकॉल' नावाची एक आज्ञा आहे: तो आठवायचा प्रयत्न करतो, कधी एखादा मंत्र आठवतो, कधी काहीच होत नाही. बाकी सगळ्यांची लेव्हल, म्हणजे लढून चढत जाणारी पायरी, वाढली की ताकद वाढते. टेलाची लेव्हल वाढली की त्याच्या शारीरिक ताकदीचे आकडे खाली जातात. त्याचा एमपी, म्हणजे मंत्रांसाठी लागणारी शक्ती, ९० च्या वर कधीच जात नाही. पुढे त्याला 'मीटिओ' हा महामंत्र मिळतो, स्वतःच्या मुलीच्या मृत्यूचा सूड घ्यायला त्याला तोच हवा असतो. त्या मंत्राची किंमत ९९ एमपी. मेन्यू उघडून हे दोन आकडे शेजारी पाहिले की पोटात गोळा येतो. पुढे काय होतं ते सांगत नाही. आकड्यांनी ते आधीच सांगून ठेवलेलं आहे.

एडवर्डबद्दलही बोलायला हवं, कारण त्याची फार टिंगल होते. हा डॅमसियनचा राजपुत्र, हातात वीणेसारखं वाद्य. एचपी, म्हणजे जीवनशक्तीचा आकडा, कमी झाला की तो लढाईतून आपोआप लपून बसतो. खेळाडू वैतागतात. पण ज्याच्या डोळ्यांसमोर प्रेयसी मेली आणि घर जळालं, जो कधी लढलेला नाही, तो माणूस आणखी काय करील? काइपो गावात एका रात्री त्याला एकट्यालाच एका राक्षसाशी लढावं लागतं, आणि तेव्हा लपायला मागे कोणी नसतं. पुढे अंथरुणाला खिळलेला असताना तो दुरून आपल्या वाद्याने एक सबंध लढाई फिरवतो. ज्या गुहेत ती लढाई आहे तिथे चुंबकीय शक्ती असते: अंगावर धातूचं काही घातलं तर पात्र जागच्या जागी खिळतं. तलवार-चिलखत उतरवून ठेवून आत जावं लागतं आणि पार्टीतले बलदंड लोक अचानक दुबळे होतात. ज्याला आपण दुबळा म्हणत होतो, तोच तिथे उपयोगी पडतो.

आता सेसिल. डार्क नाइट असताना त्याच्या हाताशी 'डार्कनेस' ही आज्ञा असते. तिने समोरच्या सगळ्या शत्रूंवर एकदम वार होतो, पण स्वतःचा एचपी जळतो. ती उपयोगी आहे, म्हणून आपण ती वापरत राहतो. मग ऑर्डील्स पर्वतावर सेसिल काळं चिलखत टाकून पॅलाडिन, म्हणजे उजेडाचा योद्धा होतो आणि आरशातून त्याचीच जुनी, काळी प्रतिमा बाहेर येते. ती 'डार्कनेस' वापरते. तुम्ही वार करत राहिलात तर काही निष्पन्न होत नाही. जिंकायचं असेल तर तलवार उचलायची नाही, वार सोसायचे आणि थांबायचं. धुक्याच्या ड्रॅगनपुढे शिकलेला संयम इथे परत लागतो, पण या वेळी शेवटी मारण्यासाठी नाही. यानंतर सेसिलची लेव्हल थेट १ वर येते. त्याआधी कमावलेलं सगळं त्या काळ्या चिलखतासोबत गेलं. पुढच्या काही लढायांत लेव्हल झपाझप चढते, त्यामुळे खेळाडूला शिक्षा झाल्यासारखं वाटत नाही, पण तो '१' पाहिलेला असतो.

पार्टी आपल्याला निवडता येत नाही, हा या खेळावरचा नेहमीचा आक्षेप. एका वेळी पाच जण लढतात, आणि कोण कधी येणार-जाणार हे कथा ठरवते. तिसऱ्या आणि पाचव्या भागातल्यासारखं पात्रांचे पेशे बदलणं इथे नाही. ज्यांना स्वतः पात्रं घडवायला आवडतं, त्यांना हे जाचक वाटेल, आणि त्यांनी सरळ पाचवा भाग खेळावा असं मी मनापासून सांगेन. पण या बंधनामुळेच रचनाकाराला प्रत्येक लढाईच्या वेळी समोर नेमके कोण असणार हे ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक बॉस, म्हणजे टप्प्यावरचा मोठा शत्रू, त्या वेळच्या माणसांसाठी बेतलेला आहे. ऑर्डील्स पर्वतावरचा स्कार्मिलिओने नावाचा राक्षस एकदा हरल्यावर पुलावर मागून हल्ला करतो. पाठून हल्ला झाल्यामुळे पुढची रांग मागे आणि मागची पुढे होते. त्या वेळी पार्टीत दोन लहान मुलं आणि एक म्हातारा असतो, म्हणजे नेमके तेच तडाख्यात सापडतात. मुक्त निवड असती तर हा डाव जमलाच नसता.

शिवाय हे सगळं घड्याळावर चालतं. 'अ‍ॅक्टिव्ह टाइम बॅटल' ही पद्धत याच खेळात पहिल्यांदा आली. इतो फॉर्म्युला वनची शर्यत पाहत होते, प्रत्येक गाडी आपापल्या वेगाने दुसरीला मागे टाकत होती. त्यावरून त्यांना हे सुचलं. तुम्ही मेन्यूत विचार करत बसलात तरी शत्रू थांबत नाही. मूळ आवृत्तीत वेळेची पट्टीसुद्धा दिसत नव्हती, ती १९९२ च्या पाचव्या भागात आली. म्हणून धुक्यापुढे थांबणं किंवा आरशापुढे थांबणं हे खरोखर थांबणं असतं. टर्न आळीपाळीने येत असत्या तर 'वाट पाहणे' हा मेन्यूतला एक पर्याय झाला असता. इथे सेकंद जातात आणि अंगावर येतात.

ही कसोटी हातात धरून आवृत्त्यांकडे पाहू.

१९९१ च्या अखेरीस हा खेळ अमेरिकेत 'फायनल फँटसी टू' या नावाने गेला, कारण मधले दोन भाग तिथे आलेच नव्हते. नवख्यांना जड जाऊ नये म्हणून तो सोपा केला, आणि सोपा करताना आज्ञा काढून टाकल्या. सेसिलची 'डार्कनेस' गेली, टेलाचं 'रिकॉल' गेलं, रोझाची प्रार्थना गेली. एक औषध सगळ्या पार्टीत वाटून देण्याचं एडवर्डचं कसबही गेलं. कथा जवळपास तशीच राहिली. पण ज्याने आधी कधी स्वतःचा एचपी जाळून वार केलेलाच नाही, त्याच्यासमोर आरशातली प्रतिमा काळ्या लाटा सोडते तेव्हा तो फक्त एका बॉसचा हल्ला असतो. त्यात स्वतःची ओळख पटत नाही. आणि ज्या एडवर्डचं एकमेव उपयोगी काम काढून घेतलं, त्याची टिंगल त्या देशातल्या खेळाडूंनी पिढ्यानुपिढ्या केली यात नवल काय? लढाईची रचना शिकणाऱ्या मुलांना मी ही आवृत्ती मुद्दाम दाखवतो. कथेचं एकही पान न फाडता कथा कशी पातळ होते, ते इतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. जपानमध्येही त्याच वर्षी 'ईझी टाइप' नावाची सोपी आवृत्ती निघाली होती. खेळण्यासाठी आज या दोन्हींची गरज नाही.

प्लेस्टेशनची आवृत्ती १९९७ साली जपानमध्ये आली आणि २००१ मध्ये 'क्रोनो ट्रिगर'सोबत एकाच संचात अमेरिकेत पोचली. काढलेल्या आज्ञा आणि मूळची काठिण्यपातळी तिथल्या खेळाडूंना तेव्हा पहिल्यांदा मिळाली. त्या काळी तिचं मोल मोठं होतं, पण डिस्कवरून लोड व्हायला लागणारा वेळ लढाईच्या लयीला मारक आहे. आता तिच्या वाटेला जायचं कारण नाही.

गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची आवृत्ती २००५ च्या डिसेंबरची. तिने दोन मोठ्या गोष्टी केल्या: खेळाच्या अखेरच्या टप्प्यात आधी सोडून गेलेल्या काही साथीदारांना परत घेण्याची मुभा दिली, आणि जादाची दोन भुयारं जोडली, त्यातलं एक चंद्रावर. एडवर्डला, यांग या मल्लाला, ऑर्डील्स पर्वतावर सोबत असलेल्या पालोम आणि पोरोम या लहानग्या जुळ्यांना शेवटच्या लढाईत नेता येतं. ज्यांचा या पात्रांवर जीव जडलाय त्यांना हे फार आवडतं, आणि मलाही त्यातला आनंद कळतो. तरी पहिल्या खेपेला मी याच्या विरोधात आहे. कोणाला गमावलं आणि शेवटी कोण उरलं, हे खेळाने ठरवलेलं असतं आणि त्यावरच शेवट उभा आहे. एकदा तो तसा अनुभवून घ्या, मग हवा तसा बदला. अमेरिकेत निघालेल्या प्रतीत लढाईतल्या वेळेच्या हिशेबात दोषही होते, हे जुनी काडतुसं विकत घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पीएसपीची 'कम्प्लीट कलेक्शन' २०११ ची. द्विमितीतली सर्वांत देखणी आवृत्ती तीच, असं मी म्हणेन. चित्रं मोठी आणि तपशीलवार, संगीत जुनं की नवं हे निवडता येतं, गेम बॉयमधली जादाची भुयारं आहेत, आणि पुढची कथा सांगणारे दोन भागही त्याच संचात आहेत. जवळ पीएसपी किंवा व्हिटा असेल तर ती जरूर मिळवा. नसेल तर केवळ तिच्यासाठी यंत्र शोधत फिरू नका.

थ्रीडी आवृत्तीवर मात्र थांबून बोलायला हवं. ती निन्टेन्डो डीएससाठी मॅट्रिक्स सॉफ्टवेअरने बनवली, जपानमध्ये २० डिसेंबर २००७ रोजी आली, आणि आज फोनवर व स्टीमवर जी दिसते ती तिचीच पुढची रूपं: आयफोनवर २०१२, अँड्रॉइडवर २०१३, स्टीमवर २०१४. कारभार तोकितांकडेच होता. जागेअभावी गाळलेल्या काही गोष्टी त्यांनी इथे परत आणल्या, त्यात खलनायक गोल्बेझच्या भूतकाळाचे प्रवेश सर्वांत महत्त्वाचे. तो कुठून आला हे मूळ खेळात दोन-चार वाक्यांत उरकलं होतं. इथे त्याला वजन मिळालं. पात्रांना आवाज मिळाले. मेन्यू उघडला की त्या क्षणी पात्राच्या मनात काय चाललंय तेही वाचायला मिळतं.

पण ही आवृत्ती कठीण आहे, आणि तो कठीणपणा वरवरचा नाही. बॉसच्या चाली बदलल्या आहेत. मूळ खेळात ज्या लढाया थोडी लेव्हल वाढवून रेटून नेता येतात, त्या इथे योजना आखल्याशिवाय सुटत नाहीत. 'डार्कनेस'सुद्धा बदलली: सगळ्या शत्रूंवर लाट सोडण्याऐवजी काही काळ सेसिलचा वार जबर होतो आणि दर वाराला त्याचा एचपी जळतो. मला हा बदल आवडतो. स्वतःला जाळत लढणं ही कल्पना त्यात जास्त ठसते.

नवी भर म्हणजे 'ऑगमेंट' पद्धत. पात्रांची कौशल्यं वस्तूंच्या रूपाने मिळतात आणि ती कोणाला द्यायची हे तुम्ही ठरवता. दिलं की दिलं, परत काढता येत नाही. यात एक गुपित आहे. टेला, पालोम, पोरोम, एडवर्ड, यांग, सिड यांसारख्या सोडून जाणाऱ्या पात्रांना तुम्ही ऑगमेंट दिलेत, तर पुढे त्यांच्याकडून जास्त ऑगमेंट तुमच्याकडे येतात. म्हणजे जो निघून जाणार आहे त्याच्यावर खर्च केलेलं वाया जात नाही. कथेच्या गाभ्याला इतकी जुळणारी यंत्रणा नंतर जोडली गेली, हे या रीमेकचं मोठं यश आहे. उणीव अशी की खेळ हे कुठेच सांगत नाही. पहिल्यांदा खेळणारा शहाणपणाने विचार करतो की जाणाऱ्याला कशाला द्यायचं, आणि नेमका तोच तोट्यात जातो. कोण जाणार हे ज्याला आधीच माहीत आहे, त्याच्यासाठीच ही पद्धत पूर्ण उघडते. म्हणूनच मी या आवृत्तीला दुसऱ्या फेरीत ठेवतो. फोनवरच्या आणि स्टीमवरच्या रूपांत सोपी पातळीही निवडता येते, पण ती घेतलीत तर थ्रीडी खेळण्याचं निम्मं कारण गेलं.

दिसण्याबाबत एक सांगतो. मोठी डोकी आणि लहान शरीरं असलेले ते थ्रीडी पुतळे डीएसच्या पडद्यासाठी बनवले होते. मोठ्या मॉनिटरवर ते उघडे पडतात. फोनवर बरे दिसतात.

पिक्सेल रीमास्टर ८ सप्टेंबर २०२१ रोजी स्टीम आणि फोनवर आला, आणि १९ एप्रिल २०२३ रोजी स्विच व प्लेस्टेशन ४ वर. मालिकेच्या सुरुवातीपासून पिक्सेलची चित्रं काढणाऱ्या काझुको शिबुया यांनी पात्रं नव्याने रेखाटली, आणि संगीताची नवी मांडणी उएमात्सूंच्या देखरेखीखाली झाली. यात गेम बॉयची भुयारं नाहीत, साथीदार बदलण्याची मुभा नाही, गोल्बेझचे नवे प्रवेश नाहीत. हा १९९१ चाच खेळ आहे, फक्त स्वच्छ पुसलेला. सगळ्या आज्ञा जागेवर आहेत. वेळेची पट्टी दिसते, नकाशा आहे, धावता येतं, कुठेही तात्पुरतं सेव्ह करता येतं. यातली एकही सोय कथेच्या आड येत नाही. ज्यांना रोज लोकलमध्ये किंवा बसमध्येच खेळायला वेळ मिळतो, त्यांच्यासाठी ते तात्पुरतं सेव्ह तर वरदान आहे.

आड येतात त्या दुसऱ्या सोयी. कन्सोलच्या आवृत्तीत वाटेतल्या अचानक लढाया पूर्ण बंद करता येतात आणि लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण चौपट करता येतात. ज्याने हा खेळ आधी पूर्ण केलाय, ज्याला एखादा प्रवेश परत पाहायचाय, त्याने खुशाल वापरावं. पण नव्याने खेळताना चौपट गुण घेतलेत, तर पॅलाडिन झाल्यावरचा तो '१' डोळ्यांना दिसायच्या आतच पुसला जाईल. वाटेतल्या लढाया बंद केल्यात, तर चुंबकाच्या गुहेतलं दुबळेपण जाणवणारच नाही, कारण ते बॉसपाशी जाणवण्याआधी साध्या वटवाघळांपाशी जाणवायला हवं. अमेरिकेतल्या आवृत्तीतून कंपनीने आज्ञा काढून जे केलं, तेच आपण स्वतःच्या हाताने करून घेतो. आपोआप लढण्याचं बटणही आहे. भटक्या शत्रूंपुरतं ते ठीक. बॉससमोर त्याला हात लावू नका.

लढाईची पद्धत 'अ‍ॅक्टिव्ह' की 'वेट', असंही विचारलं जाईल. 'वेट'मध्ये मंत्रांची किंवा वस्तूंची यादी उघडी असताना घड्याळ थांबतं. सुरुवातीला 'वेट' ठेवण्यात काही कमीपणा नाही. रिडियाच्या लांब याद्या वाचायला वेळ लागतोच. हात बसला की 'अ‍ॅक्टिव्ह' करून पाहा, विशेषतः ती सरकत अंगावर येणारी राक्षसी भिंत लागेल तेव्हा. जवळ येऊन पोचली की ती एकेकाला सरळ मारून टाकते. थांबलेल्या घड्याळात त्या भिंतीची भीती अर्धीच राहते.

संगीताबाबत थोडं. मूळ यंत्राच्या ध्वनी-चिपमध्ये आठ वाहिन्या आणि ६४ किलोबाइट स्मृती, एवढ्यावर उएमात्सूंनी 'रेड विंग्ज'चं ते जड पावलांचं कूच आणि 'थीम ऑफ लव्ह' उभं केलं. नव्या मांडणीत वाद्यमेळ भरदार आहे आणि बहुतेक ठिकाणी मला तो आवडतो. कन्सोलवर मूळ संगीतही निवडता येतं. सुरुवातीचा विमानांचा प्रवेश एकदा मूळ आवाजात ऐका. लुटीनंतर परतणारं सैन्य आणि विजयाचा लवलेश नसलेली चाल, हे त्या कमी आवाजांतही पुरेपूर कळतं. रोझासाठीची सुरावट मात्र नव्या वाद्यांवर जास्त खुलते.

'फायनल फँटसी सेव्हन'चा २०२० चा रीमेक पाहून काही जण विचारतात की चौथ्या भागाचाही तसा भव्य अवतार यावा का. तिथे कथा अनेक भागांत वाटून, वाढवून, बदलून सांगितली. चौथ्या भागाला ते झेपेल असं मला वाटत नाही. इथली माणसं थोड्या शब्दांत बोलतात आणि झटपट निघून जातात. मिस्ट गाव जळतं तो प्रवेश काही मिनिटांचा आहे. तो तासभर ताणला, तर खेळाडूला स्वतःच्या हातून काय घडलं हे जाणवण्याआधी कोणीतरी ते समजावून सांगेल.

पुढचे भाग घ्यावेत का, हा शेवटचा मुद्दा. 'द आफ्टर इयर्स' २००८ साली जपानमध्ये मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी आला. कथा सतरा वर्षांनंतरची, सेसिल आणि रोझाच्या मुलाची. पुष्कळशा जागा, भुयारं आणि बॉस परत तेच येतात आणि मधला भाग रेंगाळतो. पात्रांवर जीव जडला असेल तरच घ्या, आणि थ्रीडी संपवल्यानंतर घ्या. त्याच्याऐवजी मी सुचवेन ते असं: पिक्सेल रीमास्टर संपवा, मध्ये काही महिने जाऊ द्या, मग थ्रीडी सुरू करा. टेला पार्टीत आला की त्याला ऑगमेंट द्या.